उंबऱ्याबाहेरून सांगितलेल्या घाऱ्या

“पदर पुढं कर.”

मी पदर पुढं केला. वैनीनं पिशवी सोडली. वरून. तिचा हात माझ्या हाताला लागू नये म्हणून वीतभर उंचावरून. पिशवीत पावाच्या कडा, चार काळी पडलेली केळी, एक दबलेला चिकू. एक केळं फुटलं आणि त्याचा चिकटा माझ्या पदराला लागला. दारात तिची शेजारीण उभी होती. ती म्हणाली, “बरंय हो तुमचं, कचरा टाकायला खाली जावं लागत नाही.” दोघी हसल्या.

आणि मीपण हसले. त्या हसल्या त्याचं काही नाही. मी हसले, ते मला आजही डसतं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. नवरा लूमवर. लाईट असली तर ड्युटी, नाहीतर दिवसभर बाकड्यावर बसून बिड्या. मी भिवंडीतच एका कॉलनीत तीन घरची भांडी करायची. वैनीचं घर त्यातलं मोठं. तिचे मालक हायस्कुलात मोठे मास्तर, शाळेतले प्रवेश त्यांच्या हातात. सगळे त्यांना सर म्हणायचे. शिकलेली माणसं. पहिल्या दिवशी वैनीनं मला नाव विचारलं नाही. आडनाव विचारलं. मी सांगितलं. “अच्छा,” म्हणाली. मग नियम सांगितले. ओट्याला हात लावायचा नाही. फ्रीजला लावायचा नाही. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, तिथली फरशी ती स्वतः पुसणार. भांडी मागच्या मोरीत घासायची आणि पालथी घालायची. ती त्यांच्यावर पाणी शिंपडून आत घेणार.

म्हणजे बघा. त्यांच्या ताटातलं खरकटं मी हातानं काढायचं. ते चालत होतं. आणि मी घासून लख्ख केलेल्या ताटावर ती पाणी शिंपडायची. मी रोज बघायची. रोज गप्प बसायची. पोट होतं ना.

ती पिशवी मी घरी न्यायची आणि तिच्यातनं घाऱ्या करायची, गोड जाड पुऱ्या. आमची खोली लूमच्या शेडला लागून. खटखट दिवसभर, आणि सुताचा बारीक भुस्सा हवेत. काहीही उघडं ठेवलं की त्याच्यावर पांढरा थर. म्हणून पावाच्या कडा पत्र्यावर वाळत घालताना वरून लुगड्याचा तुकडा टाकायचा, चार दगड ठेवायचे. दोन उन्हं दिली की कडा कडकडीत. मग तव्यावर कोरड्या भाजायच्या, तांबूस होईपर्यंत, आणि पाट्यावर रगडायच्या. भाजल्या नाहीत तर सगळं वाया, घारी तेलात फुटते. काळं केळं गुळाबरोबर कुस्करायचं. चिकू असला तर तोपण, साल काढून. त्यात मावेल तेवढा पावाचा चुरा, मूठभर तांदळाचं पीठ, चिमूट सुंठ. हाताला तेल लावून थापायच्या आणि तळायच्या. माझी पोरगी सातवीत होती. ती चार-चार खायची. म्हणायची, “आई, वरनं कुरकुरीत हाय आन् आतनं शिऱ्यासारखी.” मला लई बरं वाटायचं. दुसऱ्याच्या घरच्या घाणीतनं मी पोरीला गोड करून घालत होते. तेवढंच माझ्या हातात होतं.

एकदा वैनीनंच विचारलं, “एवढी सडकी केळी नेतेस, करतेस तरी काय गं?”

मी सगळं सांगितलं. अगदी खुलून सांगितलं, येड्यासारखं. तिनं नाक मुरडलं. “शी! असलं खाता तुम्ही?”

त्याच बाईनं जानेवारीत मला हाक मारली. गोड आवाजात. कॉलनीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं आणि पाककलेची स्पर्धा होती. विषय होता, उरलेल्या-सुरलेल्यातून नवा पदार्थ. वैनी म्हणाली, “तुझं ते काय ते पावाचं आणि केळ्याचं, सांग ना गं मला.”

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

ती पुढं म्हणाली, “तुझ्या पोरीचं बघते मी. आठवीला सरांच्या शाळेत घ्यायला सांगते.”

आता हे नीट ऐका, कारण सगळं ह्याच्यावरच अडलेलं होतं. पोरगी नगरपालिकेच्या शाळेत होती. ती शाळा सातवीपर्यंतच. आठवीला हायस्कूल लागतं. दोन ठिकाणी आम्ही जाऊन आलो होतो. एका ठिकाणी शिपायानंच परत लावून दिलं, दुसऱ्या ठिकाणी जागा नाही म्हणाले. सरांची शाळा जवळ, चांगली. पोरगी हुशार होती. आमच्या घरात आठवीची पायरी अजून कुणी चढलं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले. पाय धर म्हणाली असती तर तेपण धरले असते.

हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि वैनी आत. मी तोंडानं सांगायची, ती हातानं करायची. असा तो माझा स्वयंपाक. “वैनी, कडा भाजून घ्या.” ती म्हणाली, “वाळल्यात की, आता कशाला भाजायच्या?” ऐकलंच नाही. शिकलेली ना! केळं कुस्करलं, चुरा टाकला, पाणी टाकलं. पाणी! मी म्हटलं, “अवो पाणी नगं.” तोवर ओतून झालेलं. पहिली घारी तेलात सोडली आणि तिच्या चिंध्या झाल्या. दुसरी, तीच गत. वैनीला घाम फुटला. तासाभरात हॉलवर जायचं, आणि काळी केळी संपलेली.

मग मला कळलंच नाही मी कधी आत गेले. पिठाची ती दशा बघून राहवेना. राहिलेल्या कडा मी तव्यावर टाकल्या, भाजल्या, वाटीनंच रगडल्या. तो चुरा परातीतल्या पातळ पिठात टाकला आणि हात घातला. मळलं. घट्ट आलं, तांदळाचं पीठ मागितलं, तिनं दिलं. थापून तेलात सोडली. फुगली. तांबूस झाली. तेव्हा कुठं मला जाग आली. मी ओट्याशी उभी होते. कोपरापर्यंत पीठ लागलेले माझे हात तिच्या परातीत.

वैनी माझ्या हातांकडं बघत होती. मग तिनं घड्याळाकडं बघितलं. मला वाटलं आता परात फेकणार. नाही फेकली. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, “बोललीस कुठं तर बघ. पोरीचं काम व्हायचंय ना तुझ्या?”

मी मान हलवली. हात धुतले. उंबऱ्याबाहेर आले. सगळं पीठ मीच मळलं होतं आणि घाऱ्या तळायला परत ती.

हॉलवर मला कपबशा विसळायला बोलावलेलं. टेबलावर ताटं मांडली होती, प्रत्येकापुढं चिठ्ठी. आमच्या घाऱ्यांना घरात कधी नाव नव्हतं लागलं, घाऱ्या म्हणजे घाऱ्या. वैनीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘कदली सुवर्ण वडी’. मी लागेल तेवढं वाचते. वाचून मला हसू आलं.

पहिला नंबर वैनीचा आला. टाळ्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, “इतकं सुरेख कुठं शिकलात?” वैनी म्हणाली, “माहेरचं आहे. आमच्या आजीचं. आणि सगळं सोवळ्यात केलंय हं मी, आज हळदीकुंकू ना!”

सोवळ्यात.

पोरीचं तोंड डोळ्यासमोर आणलं आणि ओठ घट्ट मिटले. देवाशप्पथ, मी गप्प राहणार होते. पण बायकांनी ताट फिरवलं आणि सगळ्या खायला लागल्या, मिटक्या मारून. ताट टेबलाच्या कडेला आलं. एक घारी खाली पडायच्या बेतात होती. मी सावरायला हात पुढं केला.

“ए! हात लावू नको!” ती शेजारीण ओरडली, तीच, कचऱ्यावर हसलेली. “सगळं बाटवशील. तुला देतील नंतर, पदरात.”

अंगाचा भडका उडाला. कुठून आवाज आला माहीत नाही, पण माझाच होता.

“बाटलंय कवाच. पीठ मीच मळलंय. ह्या हातानं.”

आणि हात वर करून दाखवले. दोन्ही.

एका बाईनं रुमालात घास काढला. एक तोंड धरून मोरीकडं पळाली. वैनी पांढरीफटक. मग किंचाळली, “खोटं बोलते मेली! चोरटी आहे, मी काढणारच होते हिला!” सगळ्यांनी माना डोलावल्या, खोटंच असणार, ह्या लोकांचं असंच असतं. खोटं म्हणाल्या, पण पुढचा घास कुणी घेतला नाही. ताटं तशीच खाली ठेवली. तिथं मला सगळं कळलं. पाच मिनिटांपूर्वी ह्याच जिभा वा वा करत होत्या. केळं तेच, गूळ तोच, पाव तोच. चवीत काही फरक पडला नव्हता. आयुष्यभर मला वाटत होतं, माझ्यातच काहीतरी असेल म्हणून हे लोक लांब धरतात. काही नव्हतं. कधीच नव्हतं.

सावलीसारखं माझ्याबरोबर फिरणारं ते भय त्या दिवशी गेलं. बाकी सगळंपण गेलं.

संध्याकाळपर्यंत तिन्ही घरची कामं सुटली. नवरा म्हणाला, “पाच म्हैनं गप ऱ्हायली असतीस तर तुझं काय जात हुतं? पोरगी तरी लागली असती.” त्याला काय सांगू! त्याचं खोटं नव्हतं. आठवड्यात आमच्या चाळीतलीच एक बाई वैनीकडं लागली. मला म्हणाली, “तुझ्यामुळं आता मला पिशवीपण दारात बांधून ठेवत्यात, पदरातसुदीक टाकत न्हाईत.”

जूनमध्ये तरीही मी पोरीला घेऊन सरांच्या शाळेत गेले. मला राहवेना. सर खुर्चीत होते. पोरीचा सातवीचा निकाल त्यांनी बघितला. चांगले मार्क होते. मग माझ्याकडं बघितलं. “जागा भरल्या,” म्हणाले आणि आमचा फॉर्म परत दिला. आमच्या मागच्या माणसाच्या मुलाचा फॉर्म त्यांनी आमच्यादेखत घेतला.

पोरगी रस्ताभर माझ्यापुढं चालली. घरी येऊन दप्तर खुंटीला लावलं. पुढच्या वर्षी बघू म्हणालो. पुढचं वर्ष आलं तेव्हा ती माझ्याबरोबर कांडी मशिनवर बसत होती. लूमसाठी कांड्यांवर सूत भरायचं काम. बोटं कापतात, नाकात भुस्सा जातो, पाठ धरते. शाळा राहिली ती राहिलीच. माझ्याशी ती कामापुरतं बोलायची. ‘सूत दे’, ‘बाजूला हो’. एवढंच. आईला लेकरू असं बोलतं ना, तेव्हा आतडं तुटतं. कितीदा वाटलं, जीभ हासडून टाकावी. कितीदा वाटलं, खाल्ला असता तो अपमान, आजवर काय कमी खाल्ले?

पण मी हिशेब दुसऱ्या बाजूनं लावून बघितला. फॉर्म मी परत दिला नव्हता. जागा मी भरल्या नव्हत्या. एका घासासाठी एका पोरीची शाळा घेतली ती त्या शिकलेल्या माणसांनी. ते माझ्या माथी मी घेणार नाही. पोरीनं दिलं तरी घेणार नाही.

एके दिवशी कांडी भरता भरता तिनं मान वर न करता विचारलं, “आई, परत तसंच झालं तर? बोलशील?”

तिला कुठलं उत्तर पाहिजे होतं ते मला माहीत होतं. ते मी दिलं नाही.

“बोलंन,” मी म्हटलं. “आन् तवा उशीर केला, तेवढा आता करणार न्हाय. उंबऱ्याभाईर उभी ऱ्हा म्हणलं ना कुणी, की तिथंच बोलंन.”