मामांचा माळ

आगीला आदबीनं वागायला लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचा मामा. पळस्प्याच्या पुढे, गावामागच्या टेकडीवर त्यांचा गवताचा माळ आहे. त्याचे ते तीन वाटे करत. एक जाळायचा, एक गुरांना द्यायचा आणि एक तसाच उभा ठेवायचा, लावा पाखरांना नि सशांना लपायला. पुढच्या वर्षी वाटे बदलायचे. घरात मीठ कुठे ठेवतात हे त्यांना सत्तर वर्षांत कळलं नाही, पण कुठल्या झुडपाखाली लावी किती पिल्लं घेऊन फिरते ते तोंडपाठ. जाळण्याआधी थाळी बडवत सगळा वाटा फिरत आणि सशांना ओरडून सांगत, "उठा रं पावन्यांनो! आज हितं जेवान नाय!" मग वाऱ्याच्या उलट बाजूनं काडी लावत, म्हणजे आग धावत नाही, रांगते.

मनासारखा वारा मिळाला की मामांना दुसरं काही सुचत नसे. आमच्या लग्नाचा मुहूर्त सकाळचा. नवरीला मांडवात आणायचं, तर मामाच गायब! अगदी शेवटच्या घटकेला ते टेकडीवरून धावत आले, भुवया जळलेल्या, हात काळे. सासूबाई कडाडल्या, "दादा, आजच माळ जाळायचं सुचलं काय तुला?"

"गवतावर दव हाय, वारा पडलाय," मामा शांतपणे म्हणाले. "असा दिस परत नाय गावायचा. लगीन काय, अर्ध्या तासानं बी लागतंय." बायकोच्या शालूवर त्यांच्या पाची बोटांचे ठसे अजून आहेत.

आता टेकडीखाली टॉवर आलेत. धुराचा त्रास होतो म्हणून तिथल्या लोकांनी तक्रार केली, आणि जमिनी गेल्या तशी गावातली गुरंही गेली. तीन वर्षं माळ ना जळला, ना चरला गेला. गवत पुरुषभर वाढलं, वाळून आडवं पडलं आणि त्या गचपणात लावे दिसेनासे झाले. मामा कुणाशी भांडले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटतं. "त्यांची पोरं खोकतान," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी एक गाय आणली. रोज विळ्यानं जून गवत थोडं कापायचं, तिथे खुंटी ठोकून गाय बांधायची, दुसऱ्या दिवशी खुंटी जरा पुढे. मी म्हटलं, "मामा, एका गाईनं एवढा माळ कधी व्हायचा?"

"नाय व्हायचा. पन येकादी लावी पिल्लं घेऊन आलीच, तर तिला पाय ठेवाया जागा नको?"

परवा गेलो होतो. गाईनं चरलेला तुकडा आमच्या हॉलएवढा झालाय. जवळ पोचताच मामांनी माझा हात धरला, तोंडावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ कान देऊन उभे राहिले. लावी नव्हती. मला ते ठाऊक होतं, त्यांनाही असावं. तरी परतताना आम्ही दोघंही पाय न वाजवता चाललो.