डहाळी कुणाच्या हाती

आमच्या ओटनिएलचा कशावरच भरवसा नाही. बूट घालण्याआधी दोनदा झटकतो, ते ठीक, विंचू असतात. पण मी दिलेली कॉफीसुद्धा हुंगून पितो! लग्नात पाळकालाच विचारत होता, "तुम्ही खरे पाळक ना? की कुणाच्या बदली आलाय?" माझी आई तेव्हाच म्हणाली होती, पोरी, अजून विचार कर. मी कसला विचार करतेय!

कलहारीतल्या या फार्मवर तो माग काढतो आणि मी स्वयंपाक करते. शिकारी पाहुणे परदेशातून येतात, मालकीण इर्मगार्डबाई त्यांना फिरवतात, आणि सगळ्यांच्या पुढं हा, वाळूत नाक खुपसून. वारा कुठून येतो ते बघायला मोज्यात राख बांधून ठेवलीय. ती झटकतो आणि म्हणतो, "वारा खोटं बोलतोय." आता याला काय म्हणावं! घर मालकिणीचं, पाणी मालकिणीचं, तेव्हा जिभेला लगाम घाल, असं मी कितीदा सांगायची. "मी कुठं बोलतो?" म्हणायचा. खरंच, बोलत नाही. नुसता बघत राहतो. ते जास्त वाईट.

त्या हिवाळ्यात बेल्जियमहून एक पाहुणा आला, लूक नावाचा. दिवस मावळताना त्यानं एका गेम्सबॉकच्या, म्हणजे लांब शिंगांच्या मोठ्या हरणाच्या, पोटात गोळी घातली. जनावर तसंच पळालं, रक्ताचा माग खडकावर तुटला आणि अंधार पडला. पाहुण्याचं दुसऱ्या दिवशी विमान. जेवताना ताट ढकलून म्हणाला, "घरी जाऊन सांगतो सगळ्यांना, कसलं फार्म आहे ते." इर्मगार्डबाईंचा चेहरा उतरला. पाऊस नव्हता, गुरं विकून झाली होती. पाहुणे यायचे थांबले तर फार्म जाणार, आणि फार्मबरोबर आमचं घरही.

उजाडताना मी पीठ मळत होते. लांब कुठंतरी एक गोळी वाजली. मग बघते तर मालकिणीचा मुलगा डेटलेफ पिकअप धुतोय. पाण्याची एवढी बोंब असताना कोण धुतं हो गाडी? माझ्या मनात पाल चुकचुकली.

"ऐकलंस?" मी ओटनिएलला विचारलं.

"ऐकलं."

"डेटलेफनं दुसरंच मारलं असणार, पाहुण्याच्या गळ्यात मारायला."

"असेल."

"मग गप्प बस हं! माझी शपथ आहे तुला."

तो कॉफी हुंगत बसला. मेला!

नाश्त्याला डेटलेफनं जाहीर केलं, "सापडलं जनावर." सगळे निघालो. आतडी-काळीज भरून आणायचं काम माझं, म्हणून मीही मागं बसले. खडकाच्या पलीकडं मोठा नर आडवा पडला होता. पाहुणा हरखला, फोटो काढायला लागला. ओटनिएलनं जनावराकडं पाहिलंसुद्धा नाही. चाकांच्या खुणा धरून वाळूच्या टेकाडामागं गेला, आणि बऱ्याच वेळानं परत आला. माझा जीव टांगणीला.

"हेच ना जनावर, ओटनिएल?" इर्मगार्डबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं.

जर्मन मालकांच्या आजा-पणज्यांपासून आमच्याकडं रीत आहे. मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवायची, त्याचा शेवटचा घास म्हणून. दुसरी डहाळी ज्यानं मारलं त्याला द्यायची, त्यानं ती टोपीत खोवायची. देणार कोण, तर माग काढणारा.

ओटनिएलनं दोन डहाळ्या तोडल्या. एक जनावराच्या तोंडात ठेवली. पाहुण्यानं टोपी काढून पुढं केली. हा त्याच्यासमोरून गेला. डेटलेफ पांढराफटक पडला. हा त्याच्याही समोरून गेला. आणि इर्मगार्डबाईंपुढं उभा राहून डहाळी त्यांच्या हातात दिली.

देवा रे, मला वाटलं जमीन दुभंगावी!

बाई डहाळीकडं बघत राहिल्या. मग ती स्वतःच्या टोपीत खोवली. "हे मी मारलंय," त्या पाहुण्याला म्हणाल्या. "तुमचं अजून पोटात गोळी घेऊन फिरतंय. विमान जाऊ द्या. चला."

मी पायीच घरी आले आणि भांडी गोणीत भरायला घेतली. रडत होते आणि त्याला शिव्या देत होते. आता या वयात जायचं कुठं?

दिवस कलताना तो आला, धुळीनं माखलेला. सापडलं म्हणाला, पाहुण्यानंच संपवलं. गोणीकडं बघितलं आणि बूट काढून झटकायला लागला. तेवढ्यात इर्मगार्डबाई दारात. हातात झाकलेलं ताट.

"मीच, हे कशावरून?"

"डेटलेफ उभ्यानं मारतो. तुम्ही गुडघा टेकता. टेकाडामागं वाळूत खूण होती."

"मला बाजूला घेऊन सांगायचं होतंस."

"बाजूला घेऊन विचारलंत कुठं?"

बाई ताट तसंच धरून म्हणाल्या, "तुला या घरात मी ठेवलं, ओटनिएल."

"म्हणून तर खोटं सांगवेना, मालकीणबाई."

त्यांनी ताट पुढं केलं. काळीज होतं. शिकारीचं काळीज फार्मवर माग काढणाऱ्यालाच मिळतं, दुसऱ्या कुणाला नाही. मला हुंदका फुटला. मी कोपरानं ढोसलं, घे की रे!

त्यानं नाक खाली नेलं, हुंगलं, आणि विचारलं, "कुठल्या जनावराचं?"

"दुपारच्या," बाई म्हणाल्या.

मग त्यानं ताट घेतलं.