तिसरं कोटेशन

हे मी आजवर कुणापाशीच बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, पाठच्या बहिणीपाशी नाही, आणि ज्या दोघांना सांगायला हवं होतं त्यांच्यापाशी तर नाहीच. ते दोघेही आता नाहीत. मग तुम्हालाच का सांगते आहे? परवा मुलगा एसी बदलायचा म्हणून तीन दुकानांचे तीन कागद घेऊन आला. माझ्यापुढे ठेवून म्हणाला, आई, तूच बघ आणि ठरव. मी चष्मा शोधायला म्हणून आत गेले, ती बराच वेळ बाहेर आलेच नाही.

तीन कागद. आमच्या घरात तीनच लागायचे — ही माझ्या सासऱ्यांची शिस्त. सगळे त्यांना अण्णा म्हणत. हेडमास्तर होते, नोकरीतून निवृत्त झाले, स्वभावातून नाही. घरात केरसुणी आणायची तरी तीन ठिकाणी विचारणा. मुलाच्या लग्नासाठीही तीन मुली पाहिल्या आणि मी तिसरी. ‘तिसरं कोटेशन पास झालं,’ असं ते आल्या-गेल्याला सांगायचे, की मी आतून पातेलं आपटायची. मग दारात येऊन म्हणायचे, सूनबाई, पातेल्याला पोचा आला तर पुन्हा तीन कोटेशनं मागवावी लागतील.

अशा माणसावर रागावणार तरी कसं?

मी पुण्याची. लग्न होऊन नगरला आले तेव्हा सावेडी म्हणजे गावाबाहेरचा माळ होता. त्यात आमचं चार खोल्यांचं नवं घर — विटांच्या भिंती, शहाबादी फरशी आणि वर पत्रे. स्लॅब पुढे कधीतरी घालू, असं ठरलेलं. यांची नोकरी कर्जतला, घरी यायचे शनिवारी. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. म्हणजे आठवडाभर घरात आम्ही दोघंच, अण्णा आणि मी. मी पोळ्या लाटायची आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून पेपर मोठ्यानं वाचायचे. वाचता वाचता त्यातल्या चुका लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायचे. पेपरच काय, लग्नपत्रिका, वाण्याची यादी, माझ्या आईचं पत्र — त्या पेन्सिलीतून काही सुटायचं नाही. आईनं एकदा मला लिहिलं, तुझ्या सासऱ्यांनी मला दहापैकी सात दिले, पुढच्या वेळी आठ मिळवीन.

माझे वडील घरात फारसं बोलत नसत. ती सगळी तूट या माणसानं भरून काढली. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, हे आधीच सांगून ठेवते. नंतर सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही.

तर, पत्र्याचं घर. उन्हाळ्यात अण्णांच्या खिडकीला वाळ्याचा पडदा आणि त्यावर तासातासाला पाणी मारायचं. थंडीत कोळशाची शेगडी. अण्णांना दमा होता. बहात्तरच्या दुष्काळाची ती दिवाळी. डॉक्टरांनी सांगून टाकलं की शेगडी खोलीत नको, आणि पुढचा उन्हाळा या पत्र्याखाली काढायचा नाही. दोन्ही ऋतूंचं काहीतरी एकदाच करा, म्हणाले.

झालं, अण्णांनी कमिटी नेमली. अध्यक्ष ते, सभासद यांना केलं आणि सेक्रेटरी मी. एक वही घातली. कोटेशनं बंद पाकिटातून यायची, सेक्रेटरीनं जपून ठेवायची आणि रविवारी यांच्यासमोर एकदम फोडायची. सेक्रेटरीच्या हातून एक टाचणीही इकडची तिकडे होणार नाही, असं ते यांना माझ्यादेखत म्हणाले. किती विश्वास टाकावा माणसानं?

पहिलं पाकीट कापडबाजारातल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानाचं. उन्हाळ्याला पाण्यावर चालणारा कूलर आणि थंडीला विजेचा हीटर. दुसरं एका सीलिंगवाल्याचं, पत्र्याखाली बोर्ड ठोकून देतो म्हणणारं. आणि तिसरं मागवलं होतं तिसगावच्या किसनमिस्त्रींकडून.

किसनमिस्त्री म्हणजे अण्णांचा जिवाभावाचा दोस्त. अण्णा तिसगावच्या शाळेत पहिल्यांदा मास्तर म्हणून गेले, तेव्हा त्या शाळेची भिंत किसनमिस्त्री बांधत होते. दोघेही ऐन विशीतले. भिंत बांधून होईपर्यंत अण्णांनी त्यांना त्याच भिंतीवर खडूनं अक्षरं शिकवली. तेव्हापासून ते ‘मास्तर, तुमी’ आणि अण्णा ‘अरे किसन्या’. दर हिवाळ्यात एसटीनं हुरडा घेऊन यायचे. चहा दोन कप लागायचा, एक आल्याबरोबर आणि एक निघताना. मला ते आवडायचे का? खरं सांगू — आवडायचे, पण अंगणात. त्यांच्या पायताणाला कायम माती असायची आणि माझी फरशी नवी होती.

तिसरं पाकीट गुरुवारी दुपारी आलं. अण्णा जेवून पडले होते. पाकीट खळीनं घट्ट चिकटवलेलं होतं. आपोआप सुटलं वगैरे काही नाही — मी फोडलं.

आत वहीचं एक पान. अक्षर मोठं, विटा रचाव्यात तसं एकेक. ‘मास्तरांना किसनचा नमस्कार. तुमच्या खोलीवरचे पत्रे काढून माळवद करू. तुळया माझ्या जुन्या गोठ्याच्या हायेत, सागवानी, त्या देतो. त्यावर तुराट्या, त्यावर चिखल, वर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊब. इस्तव नको, वीज नको. पान्याचं साल लई वाईट दिसतंय, पानी पिनारं यंत्र घेऊ नका. पंधरा दिस लागतील. मजुरी मास्तर म्हनतील ती.’ आणि खाली आणखी एक ओळ.

मी वाचलं आणि पहिला विचार काय आला असेल? अण्णांच्या छातीचा? नाही. पंधरा दिवस घरात चिखल तुडवला जाणार, हा. दुसरा विचार — पुण्याची माणसं येतील आणि म्हणतील, हिला मातीच्या घरात दिली. माझ्या मावसबहिणीकडे नुकताच कूलर आला होता आणि तिच्या प्रत्येक पत्रात तो असायचा, जणू घरातला जावईच. मलाही तो हवा होता. पाकीट रविवारी उघडलं तर अण्णा डोळे मिटून माळवद करणार, यात मला शंकाच नव्हती. शहाणपण त्याच कागदात होतं, हे मलाही कळत होतं.

मी तो कागद शिलाई मशीनच्या खणात ठेवला, रिळांच्या खाली.

रविवारी अण्णांनी विचारलं, किसनचं? मी म्हटलं, नाही आलं.

वाटलं, एवढ्यावर भागेल. पण परीक्षेत कुणाला एक मिनिट वाढवून न देणाऱ्या त्या माणसानं मुदत आठ दिवस वाढवली. रोज दुपारी न झोपता पोस्टमनसाठी फाटकाशी उभे राहायचे. खोकत खोकत, उपरणं गळ्याभोवती गुंडाळून. आणि मी? मी आतून हाक मारायची, अण्णा, वाऱ्यात उभे राहू नका. माझी काळजी खोटी नव्हती हो. तीच तर गंमत आहे माणसाची.

दुसऱ्या रविवारी मी वहीत लिहिलं, ‘तिसरे कोटेशन प्राप्त झाले नाही.’ अण्णांनी खाली सही केली. पेन्सिल हातात होती, पण माझ्या वाक्यात त्यांना काहीच चूक सापडली नाही. दुष्काळात कूलरला पाणी कुठलं, अशी शंका त्यांनीच काढली; आपल्या आडाचं पाणी आटत नाही, हे उत्तर माझं. बैठक उठल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “जन्मभराच्या मित्राकडे मी पाकिटातून भाव मागितला. त्याला लागलं असणार. मास्तरकी नडली गं मला.” पुन्हा लिहा त्यांना, असं यांनी सुचवलं. अण्णा म्हणाले, कोणत्या तोंडानं लिहू?

इथे तरी मी बोलायला हवं होतं, नाही का?

कूलर आला. खिडकीत चढला. पुण्याला पत्र गेलं. आणि चैत्रात आड आटला. गल्लीत पाण्याचा टँकर यायला लागला, घागरींच्या रांगा लागल्या. मी आमच्यातली एक बादली कूलरमध्ये ओतायला गेले तर अण्णांनी हात धरला. शेजारणी घागरभर पाण्यासाठी उन्हात उभ्या, आणि मी वाऱ्याला पाणी पाजू? — एवढंच म्हणाले. कूलर बंद राहिला. मी त्यावर भरतकामाचं कव्हर घातलं. अण्णा त्या तापलेल्या पत्र्याखाली ओला पंचा अंगावर घेऊन पडून असायचे आणि तशातही मला चिडवायचे. कूलरला ताप आलाय का, अंगावर पांघरूण दिसतंय. मी हसायची. दुसरं काय करणार?

वैशाखात त्यांची छाती इतकी भरली की दवाखान्यात न्यावं लागलं. दहा दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होते. वाचले ते. घरी आणलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली आणि ठरवलं की आता सांगायचं.

तोवर किसनमिस्त्री आले. आजारपणाचं कुणाकडून तरी तिसगावात कळलं होतं. हातात दोन मोसंबी, पायताण फाटकाबाहेर काढलेलं. त्यांना बघून अण्णा खाटेवर उठून बसले आणि म्हणाले, “या, किसनराव. बसा.”

किसनराव. बसा. इतक्या वर्षांचा किसन्या एका आजारपणात किसनराव झाला. अण्णांना वाटत होतं, आपण याला दुखावलंय, आता मानानं वागवलं पाहिजे. पण त्या म्हाताऱ्याचा चेहरा मी पाहिला. शिवी खाल्ली असती तरी इतका उतरला नसता. ते बसले, अगदी खुर्चीच्या कडेवर. वर पत्र्याकडे एकदा पाहिलं, मग कव्हर घातलेल्या कूलरकडे. “मशिन चांगली घेतली, मास्तर.” मग पाऊस, चारा, तब्येत. दोघेही एकमेकांना जपत होते आणि मी मधे चहाचा ट्रे घेऊन उभी. एका वाक्याचं काम होतं. दुसरा कप त्यांनी घेतला नाही.

तरीही — हे सगळं मी कुणाला तरी कधीतरी सांगितलं असतं. वय लहान होतं, हौस होती, असं म्हणून लोकांनी हसून सोडूनही दिलं असतं. जे सांगता आलं नाही ते याच्या पुढचं आहे.

मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. पायताण घालता घालता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, “सूनबाई, माजा कागद मास्तरांला मिळाला हुता का?”

बघा, देवानं दार उघडून दिलं होतं. नाही मिळाला, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पोस्टावर ढकलता आलं असतं, मी सुटले असते आणि ते दोघंही सुटले असते. पण नाही म्हटलं तर हे उलट्या पावली आत जातील, दोघं बोलतील, पाकीट गेलं कुठे ते शोधतील — हे सगळं माझ्या डोक्यात क्षणात फिरून गेलं. मी म्हटलं, “हो. मिळाला ना. वाचला त्यांनी.”

“वाचला?”

“हो.”

त्यांनी मान हलवली. “मंग ठीक हाय,” म्हणाले, आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले. मी आत येऊन कपबशा विसळल्या.

पुन्हा ते कधी आमच्याकडे आले नाहीत. दोन वर्षांनी ते गेल्याचं कळलं तेव्हा अण्णा एकटेच तिसगावला जाऊन आले. आल्यावर जेवले नाहीत. खाटेवर बसले आणि वर पत्र्याकडे बघत म्हणाले, “त्याच्या माळवदाखाली काय गार होतं गं.” मी त्यांच्यासाठी ताक केलं. ते प्यायले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला, नेहमी ठेवायचे तसा. त्यानंतर ते सात वर्षं जगले. त्या सात वर्षांतली प्रत्येक दुपार माझ्याकडे होती.

मशीन मी मोडीत दिलं, पण खणातला तो कागद काढून घेतला. आज तो पुढ्यात आहे. खाली आणखी एक ओळ होती म्हणाले ना, ती अशी आहे — ‘मास्तर, जन्मात पैलं पत्र लिवलं. चुका लाल करून कागद माघारी धाडा, वाट बगतो.’

आणि मी त्यांना सांगितलं होतं, की मास्तरांनी वाचला.