खंडेनवमीला पुसलेली फाइल

हुशार माणसांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. बरीच पाहिली, त्यातला एक तर रोज सकाळी दाढी करताना आरशात दिसायचा. पण खरोखर हुशार म्हणावं असं एकच माणूस मला भेटलं. ती रामाकोना गावची एक बाई होती, बोरगावजवळच्या सूत रंगवायच्या कारखान्यात माझ्यासोबत कंप्युटरच्या खोलीत काम करायची. मी कायम नोकरीवर होतो, ती रोजंदारीवर.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. आमच्या सौंसर भागात कंप्युटर पाहायला लोक मुद्दाम यायचे, आणि खोलीत थंड हवेचं मशीन होतं म्हणून जरा जास्तच वेळ पाहायचे. चपला बाहेर काढून आत यायचं अशी माझी सक्त ताकीद होती. मी सौंसरच्या मास्तरांचा मुलगा, नागपूरहून डिप्लोमा करून आलेलो, वय चोवीस. गावात बाबा सांगत फिरायचे, पोरगा कंप्युटरवर आहे. मग काय, आम्ही जमिनीपासून चार बोटं वरूनच चालत होतो.

ती माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचो, ती मला भाऊ. बारावी आणि टायपिंग एवढंच शिक्षण. सकाळी छोट्या लाईनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या, गाडीनं सौंसरला उतरायची आणि तिथून बसनं बोरगावला यायची. परतीची गाडी कायम लेट. त्या वेळात सौंसरच्या फलाटावर बसून तिनं आमच्या मशीनची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून काढली होती. मी त्यातली पहिली वीस पानं वाचली होती आणि बाकीची वाचल्यासारखं बोलायचो.

दोन वर्षं रोजंदारी झाल्यावर तिला कायम करायचा कागद त्या महिन्यात मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर आला होता. फक्त सही राहिली होती. घरी म्हातारे सासू-सासरे, दोन पोरी, आणि नवरा दुसऱ्याच्या संत्र्याच्या बगीच्यात मजुरीला. त्या सहीवर तिचं किती अडकलं होतं हे मला सांगायची गरज नव्हती. तीही कधी बोलली नाही.

आता कारखान्याचा रिवाज सांगतो, कारण सगळं रामायण त्यातूनच घडलं. खंडेनवमीला प्रत्येक खात्यानं आपलं मशीन धुऊन-पुसून त्याची पूजा करायची. त्या दिवशी जुनं, मोडकं हत्यार खात्यात ठेवायचं नाही. नवा पाना आला असेल तर जुना त्याच दिवशी भंगारात. नव्याच्या शेजारी जुनं ठेवलं तर नवं रुसतं, असं रंगखात्याचे म्हातारे मिस्त्री म्हणायचे आणि सगळे मानायचे. मी त्यांना हसायचो. पण त्या वर्षी माझ्याकडेही एक नवं हत्यार आलं होतं.

ते म्हणजे नवा कंपायलर. आपण लिहिलेलं मशीनला कळेल असं करून देणारा जो प्रोग्राम असतो, त्याची नवी आवृत्ती टेपवर आली होती. आठ दिवस ती कपाटात पडून होती. म्हटलं, मुहूर्त आहे तर नवमीलाच चढवू. टेपच्या डब्याला हळदकुंकू लावलं, मशीनला झेंडूचा हार घातला, नारळ मात्र बाहेर फोडला. नवा कंपायलर चढवला. आणि मग, ज्या मिस्त्रींना हसायचो त्यांचंच ऐकून, जुन्या कंपायलरच्या जितक्या फाइली डिस्कवर दिसल्या तितक्या एकेक करून पुसून टाकल्या. लॉगबुकमध्ये ऐटीत लिहिलं, ‘नवे बसवले, जुने सर्व काढले.’ खाली सही. माझा एक छोटा प्रोग्राम नव्या कंपायलरनं करून पाहिला, चालला. मी पेढे वाटले.

ताई त्या दिवशी नव्हती. दसऱ्याला तिच्या घरचे सगळे दीक्षाभूमीला नागपूरला जात, तिनं रीतसर सुट्टी घेतली होती. अष्टमीच्या संध्याकाळी रंगाचा शेवटचा कागद छापून, मशीन बंद करून ती गेली.

हा रंगाचा कागद म्हणजे कारखान्याचा जीव. कोणत्या छटेला कोणता रंग किती घालायचा, हे एक प्रोग्राम काढून द्यायचा आणि त्या कागदावर रंगखातं चालायचं. तो प्रोग्राम नागपूरच्या एका माणसानं लिहून दिला होता. त्यानं चालणारा प्रोग्राम तेवढा दिला, त्याचं मूळ लिखाण स्वतःकडेच ठेवलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला. मिस्त्रींनी कागद मागितला. मी प्रोग्राम चालू केला आणि पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, की गरजेची सामायिक लायब्ररी सापडत नाही. पुन्हा केला, पुन्हा तीच ओळ. मशीन बंद करून चालू केलं, तेच. नागपूरला फोन लावला तर तो माणूस दसऱ्यासाठी बाहेरगावी गेलेला.

नऊ वाजता मॅनेजरसाहेबांनी मला आणि लॉगबुकला कॅबिनमध्ये बोलावलं. त्यांनी पान उलटलं आणि विचारलं, “हा रंगाचा प्रोग्राम शेवटचा कोणी चालवला?” तिथं ताईची सही होती. माझी नवमीची नोंद त्याच्या पुढच्याच पानावर होती. ते पान त्यांनी उलटलं नाही. मीही उलटलं नाही.

“बाईंना नागपूरची घाई असेल,” साहेब म्हणाले. “कसंतरी बंद करून गेल्या.” त्यांनी तिला कायम करायचा कागद बाजूला काढला आणि त्यावर ‘परत पाठवा’ असं पेन्सिलीनं लिहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझ्या मनात लख्ख पडलं होतं. खात्री नव्हती, पण शंका होती. मी गप्प बसलो. आज हे लिहितानाही मला माझा राग येतो.

तेवढ्यात ताई आली. साहेबांनी तिला उभ्या उभ्याच सांगितलं, “मशीन बिघडवून गेलात तुम्ही. आजचा दिवस भरा आणि उद्यापासून येऊ नका.” ती रडली नाही, गयावया केली नाही. तिनं विचारलं, “साहेब, मशीन काय म्हणून राहिलं ते मी पाहू का? संध्याकाळपर्यंत वेळ द्या मले.” साहेबांकडे दुसरा उपाय तरी कुठं होता. म्हणाले, पाहा.

ती खोलीत आली, चपला बाहेर काढल्या, आणि सगळ्यात आधी लॉगबुक वाचलं. मग ती ओळ स्वतःच्या हातानं एका कागदावर उतरवून घेतली. मी म्हटलं, “ताई, प्रोग्राम खराब झाला असेल, डिस्कच गेली असेल.” ती म्हणाली, “भाऊ, ते प्रोग्राम खराब आहे असं म्हणूनच नाही राहिलं. ते म्हणते, मले काहीतरी पायजे आणि ते सापडून नाही राहिलं. काय पायजे ते त्यालेच विचारू.”

हे ऐकून मी ओशाळलो. एवढ्या वेळात मी ती ओळ दहादा पाहिली होती, पण वाचली एकदाही नव्हती.

पुस्तकातून तिनं एक आज्ञा शोधून काढली. कोणत्याही तयार प्रोग्रामच्या पोटातले वाचता येण्यासारखे शब्द ती आज्ञा बाहेर काढते. प्रिंटर कर्र कर्र करत बसला, चाळीसेक पानं निघाली. बहुतेक कचराच. ताई एकेका ओळीवर पट्टी ठेवून वाचत होती. तिचा डबा तसाच बंद. दुपारी दीडच्या सुमाराला तिनं एका ओळीखाली रेघ ओढली. ते एका फाइलीचं नाव होतं, पूर्ण पत्त्यासकट. डिस्कवर त्या पत्त्याला पाहिलं, तर तिथं ती फाइल नव्हती. तशाच नावाची दुसरी होती, आकडा एकानं पुढचा, नव्या कंपायलरसोबत आलेली.

“आमच्या रामाकोन्याले विहाराची भांडी आहेत,” ती म्हणाली. “लग्न निघालं की ज्याचं त्यानं न्यावं, घरोघरी स्वयंपाकाचे एवढे मोठे गंज-परात कोण ठेवते? हे तसंच दिसते. या प्रोग्रामनं आपली भांडी आणलीच नाही सोबत. अमक्या फळीवरचा अमका गंज मले लागते, एवढं लिहून ठेवलं आहे त्यानं. आणि फळीवर आता नवा गंज आहे.”

मला एकदम हुशारी सुचली. म्हटलं, मग सोपं आहे, नव्याचीच एक प्रत काढून तिला जुनं नाव देऊ. ती म्हणाली, “माप तेच असन का पण?” मी ऐकतो कुठला. नाव दिलं, प्रोग्राम चालू केला, आणि तो चालला की हो. रंगाचा कागद सरसर छापून आला. मी कागद फाडून थेट रंगखात्याकडे पळालो. मिस्त्रींनी रंग तोलायलाही घेतले.

ताई मागून जवळजवळ धावत आली. तिच्या हातात जुन्या कागदांची फाइल होती. “थांबा जी,” ती मिस्त्रींना म्हणाली. तिनं माझा कागद आणि त्याच छटेचा जुना कागद शेजारी शेजारी धरले. फिक्या आकाशी रंगात माझ्या कागदानं लालाचं माप निळ्याहून जास्त दाखवलं होतं. मिस्त्रींनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, आणि तागडी खाली ठेवली. सुताचा पूर्ण घाणा जांभळा झाला असता, आणि त्याचं खापर बिचाऱ्या ताईच्याच डोक्यावर फुटलं असतं. अर्धवट ज्ञान अंगाशी येतं हे मी शाळेत ऐकलं होतं, त्या दिवशी तागडीजवळ उभं राहून पाहिलं.

परत आल्यावर तिनं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यातून जुन्या कंपायलरची टेप काढली. मी ती भंगारात टाकायचं विसरलो होतो, माझ्या विसरभोळेपणाचं आयुष्यातलं हे एकमेव पुण्य. टेपवरचं सगळं तिनं उतरवलं नाही. मी म्हटलं तरी नाही. नव्या कंपायलरला हात न लावता, जी एक फाइल हवी तेवढीच, जिथं हवी तिथंच ठेवली. जुनी आणि नवी, दोन्ही एका फळीवर. मग प्रोग्राम चालवला. कागद आला. तो तिनं लगेच दिला नाही. जुन्या सात छटा काढून सातही कागद आकडा न आकडा ताडून पाहिले, आणि मगच मिस्त्रींना निरोप पाठवला.

साडेचार वाजले होते. ती डबा उघडून गार पोळी खायला बसली. मी समोर जाऊन बसलो. शेवटी मीच म्हटलं, “ताई, ती फाइल मी पुसली. नवमीला.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “सकाळीच वाचलं. तुमची सही आहे.”

“मग तेव्हाच काहून नाही बोललात?”

“बोलून काय झालं असतं? साहेबाले वाटलं असतं, बाई आपली चूक दुसऱ्यावर लोटून राहिली. अगोदर मशीन चालायले पायजे होतं. तुमचं तुम्ही सांगाल का नाही, ते तुमच्यापाशी.”

सकाळी नऊपासून तिला माहीत होतं. नोकरी जाण्याच्या काठावर उभी राहून, ज्यानं ती घालवली त्याच्याच शेजारी बसून, तिनं दिवसभर शांतपणे चूक शोधली, आणि वर मला समजावून सांगितली. इतका धीर मी कोणात पाहिला नाही. मी उठलो आणि कॅबिनमध्ये गेलो. नोकरी जाणार, गावात बाबांचं तोंड काळं होणार, असं सगळं डोक्यात.

मी लॉगबुकाचं पुढचं पान उलटून साहेबांसमोर ठेवलं आणि जे घडलं ते सांगितलं. साहेबांनी वाचलं. मग हसले. “बस, बस,” म्हणाले. “पूजेच्या गडबडीत होतं असं. कोण चुकत नाही? पोरं अशीच शिकतात.” घंटी वाजवून माझ्यासाठी चहा मागवला. मी चहा पीत असतानाच त्यांनी ताईचा कागद पुढं ओढला, पेन्सिल खोडली, सही केली. “सांगा तिला, कायम झाली म्हणावं.”

मी पळतच खोलीत आलो. “ताई, सही झाली. कायम झालात तुम्ही.” ती खुर्चीवर बसली. तिनं पदरानं तोंड झाकून घेतलं. आपण केवढं मोठं काम करून आलो असं मला वाटत होतं.

डोळे पुसून तिनं विचारलं, “आणि तुम्हाले काय म्हणाले साहेब?”

“काही नाही,” मी खुशीत म्हटलं. “चहा पाजला.”

तिनं डब्याचं झाकण लावलं. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच मला अजून सोसत नाही. “मी काही केलं नव्हतं, तं मले उभ्या उभ्या घरी जायले सांगितलं,” ती म्हणाली. “आणि तुम्ही सांगितलं का ‘हे म्या केलं’, तं तुम्हाले बसवून चहा पाजला.”

मी म्हटलं, “हो.”