कण्हणारे गृहस्थ

म्हैसूरहून उटीला निघालेल्या आमच्या चार दिवसांच्या सायकल सहलीत ते गृहस्थ घाटाच्या पहिल्या वळणापासून कण्हत होते. मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. दर वळणावर "अय्यो देवरे, गेली कंबर!" असं ओरडायचे, मांडीवर थाप मारायचे आणि पुन्हा पॅडल मारायला लागायचे. बरोबरची पोरं हसायची, पण त्यांच्यासाठी थांबायचीही.

माझा उजवा गुडघा ठणकत होता. दुखणं जुनं, घरीही कधी न सांगितलेलं. मी दात आवळून मागे मागे येत होतो.

चहाच्या टपरीवर त्यांनी विचारलं, "दुखतंय काय हो?"

"छे, काही नाही."

"सुम्ने, उगाच खोटं बोलू नका, स्वामी. मी ओरडतो म्हणून पोरं थांबतात. तुम्ही गप्प बसलात तर तुमच्यासाठी कोण थांबणार?"

माझी बायको वर्षानुवर्षं हेच विचारायची आणि मी हेच उत्तर द्यायचो. माझी नोकरी गेली तेव्हाही, आई गेली तेव्हाही. शेवटी तिनं विचारणं सोडलं आणि सांगलीला भावाकडे निघून गेली. म्हैसूरला सरस्वतीपुरमच्या घरात आता त्या एका प्रश्नासाठी जीव तुटतो.

परतल्यावर तिला फोन केला. "गुडघा फार दुखतोय गं," एवढंच म्हणालो.

ती हळूच म्हणाली, "उजवाच ना?"