धडधडीचा पुरावा

माझ्या छातीत धडधड सुरू व्हायची ती कुणी बटण दाबल्यासारखी, आणि थांबायचीही तशीच. कधी चहाला उकळी येईपर्यंत, तर कधी शाळेचा अख्खा तास. तेवढा वेळ हृदय गळ्यापाशी येऊन उड्या मारतंय असं वाटायचं, हातपाय गार पडायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मग एकदम सगळं जागेवर. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीतून रिक्षा करून दवाखान्यात पोचेपर्यंत मी ठणठणीत झालेली असायचे. मग काढलेला ईसीजी पुस्तकात छापावा इतका नॉर्मल यायचा.

डॉक्टर बदलले तरी बोलणं बदललं नाही. टेन्शन घेऊ नका, झोप पुरेशी घ्या, चहा कमी करा. एकांनी तर शाळेतल्या पोरांचा फार त्रास होतो का, असं विचारलं. मी प्राथमिक शाळेत शिकवते. पोरांचा त्रास होतोच, पण त्याने मला कधी भोवळ आलेली नाही. नवरा माणूस चांगला आहे, तरी नॉर्मल रिपोर्ट हातात पडला की त्याचा चेहरा असा काही खुलायचा, की मला तो कागद फाडून टाकावासा वाटायचा. आणि सासूबाई, ज्यांना मी त्यांच्या मंद्रूपकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणते, त्यांचं तर ठरलेलं होतं. हे मनाचे खेळ आहेत, बाईमाणसाला असं होतं, कामाला लागलं की जातं.

एकदा सिग्नलला स्कूटीवर असतानाच धडधड सुरू झाली आणि मी कशीबशी गाडी कडेला घेतली. त्यानंतर मला खरी भीती बसली. मागे मुलगी बसलेली असताना असं झालं तर काय, हा विचार डोक्यातून जाईना. घरी सांगितलं तर आत्या म्हणाल्या, गाडी चालवू नकोस मग. माझा आजार कुणाला दिसत नव्हता आणि मला मात्र नाटकी ठरवणं सगळ्यांना सोपं जात होतं. आपल्याच घरात आपण खोटं बोलत नाही हे पटवून द्यावं लागतं, याचा मला भयंकर राग यायचा.

शेवटी एका तरुण डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकलं. ती अचानक सुरू होऊन अचानक थांबते का, खाली वाकल्यावर जास्त होते का, हे त्यांनीच विचारलं. बहुतेकदा वाकल्यावरच व्हायची. मग त्यांनी होल्टर लावायला सांगितलं. छातीवर चिकटपट्ट्या, त्यांच्या वायरी आणि कमरेला डबी. दिवसरात्र अंगावर ठेवायचं, हृदयाचा प्रत्येक ठोका त्यात नोंदला जातो.

पण अंगाला वायरी लावलेली बाई घरात आल्यावर घर काय करणार? मला पलंगावर झोपवलं. शेजारच्या बायका बघायला आल्या, एकीने तर शहाळं आणलं. नेमका तो आमच्या भागातला पाण्याचा दिवस होता. एरवी नळाला पाणी आलं की जमिनीखालच्या हौदापासून स्वयंपाकघरापर्यंत बादल्या वाहणं माझ्याकडे, पण त्या दिवशी नवऱ्याने सगळं पाणी भरलं. मशीन भिजेल म्हणून आत्यांनी मला भांड्याला हात लावू दिला नाही. लग्नानंतर एवढा आराम मला पहिल्यांदाच मिळाला होता. त्यामुळे धडधड एकदाही झाली नाही. रिपोर्ट नॉर्मल आणि नवऱ्याचा चेहरा पुन्हा खुललेला. मी त्या दिवशी जेवले नाही.

डॉक्टरांनी विचारलं, मशीन लावल्यावर दिवसभर काय केलंत. मी म्हटलं, झोपले. ते हसले. मला तुमचा आजारपणाचा दिवस नको, रोजचा दिवस पाहिजे, म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी डबी कुर्त्याखाली लपवली आणि घरात नवऱ्याशिवाय कुणाला सांगितलं नाही. पुन्हा पाण्याचाच दिवस निवडला. शाळा केली, घरी आले, पाणी आल्यावर पदर खोचणाऱ्या बाईच्या जोमाने ओढणी बांधली आणि बादल्या उचलायला लागले. हौदात वाकले आणि धडधड सुरू झाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती आल्याचा मला आनंद झाला. हौदाच्या कठड्यावर बसून मी ती डबी हाताने घट्ट धरून ठेवली. आत्या दारात उभ्या होत्या. तिथूनच त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

डॉक्टरांनी कागद माझ्यापुढे धरला. सुटे सुटे ठोके चाललेले होते आणि एका जागी ते एकदम दाटीवाटीने उमटले होते. त्यांनी समजावलं की हृदयात वीज वाहायची वाट असते, तुमच्यात तिला आणखी एक आडवाट आहे, आणि वीज त्या दोन्हींमधून गोल फिरत राहते. हा हार्ट अटॅक नाही, मनाचा खेळही नाही. गोळ्या घेता येतात किंवा ती आडवाट जाळून बंद करता येते. मी दवाखान्यातच रडले. आजार सापडल्यावर एवढा आनंद झालेलं माणूस त्यांनी बहुधा पाहिलं नसावं.

मी जाळायचं ठरवलं. मांडीच्या शिरेतून बारीक तारा हृदयापर्यंत नेल्या. मी जागी होते. मग डॉक्टरांनी मुद्दाम, विजेचे हलके धक्के देऊन, माझी धडधड सुरू केली आणि विचारलं, "हीच का ती?"

"हीच," मी म्हटलं. इतकी वर्षं जी मी एकटीच ओळखत होते, ती आता समोरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होती. त्यांनी ती जागा जाळली. नंतर खात्रीसाठी ती सुरू करायचा पुष्कळ प्रयत्न करून पाहिला, पण ती पुन्हा सुरू झाली नाही.

पुढच्या तपासणीला आत्या हट्टाने बरोबर आल्या. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं, मी उठले, तरी आत्या खुर्चीतून हलेनात. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग खाली बघत म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, माजं बी बघा की. मलाबी हिच्यावानीच व्हतं."

कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. लग्न होऊन आले तवापासनं, म्हणाल्या. त्यांच्या सासूने सांगितलं होतं की मनाचे खेळ आहेत, कामाला लागलं की जातं. मग कुणाला सांगितलं नाही. धडधड आली की त्या मोरीत जाऊन गार पाण्यात तोंड बुडवायच्या, आणि बाहेर येऊन भाकऱ्या थापायला बसायच्या.

माझा इतक्या दिवसांचा राग आता कुणावर काढायचा, ते मला कळेना. मला काय त्रास होतो हे त्या घरात फक्त त्यांनाच नेमकं ठाऊक होतं. मी म्हटलं, "आत्या, मग तुम्ही मला खोटं का म्हणत होता?"

त्यांनी बोटाला गुंडाळलेला पदर सोडला. "तुजं खरं म्हणलं असतं, तर माजंबी खरं हुतं म्हणावं लागलं असतं," त्या म्हणाल्या. "मग एवढी वर्सं मी कशाला गप बसले गं?"

डॉक्टरांनी त्यांना ईसीजीच्या टेबलावर झोपायला सांगितलं. त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो मी सोडला नाही.