फ्यूज कुणी काढला?

मी संशयी आहे, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. मला विचाराल तर मी फक्त नीट बघते. वीस वर्षं नर्सची नोकरी केल्यावर बाटलीवरची तारीख दोनदा वाचायची सवय लागते आणि ती सवय घरी येताना दवाखान्यात काढून ठेवता येत नाही.

गाडी नवऱ्याची. पांढरी, छोटी, बरीच वापरलेली. तो पुण्याला कंपनीत असतो, तिथं जायला-यायला कंपनीची बस मिळते, म्हणून गाडी इकडं जामखेड तालुक्यात माझ्याकडं आली. माझ्या उपकेंद्राखाली सहा वस्त्या येतात. गाडीमुळं लसींचा डबा मांडीवर घेऊन कुणाच्या तरी मोटरसायकलवर बसणं थांबलं. घरात मी आणि सासरे, दोघंच. सासरे साखर कारखान्यात वायरमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई गेल्यापासून आमचं बोलणं ‘जेवायला वाढलंय’ आणि ‘ठेव’ एवढ्यावर आलं होतं. मी गाडी चालवते हे त्यांना पसंत नव्हतं. तसं ते कधी बोलले नाहीत, पण मी गाडी काढायला लागले की ते हातातलं काम सोडून उभे राहत आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहत.

दिवाळी झाली होती. निम्मी वस्ती ऊसतोडीला निघून गेली होती, मागं राहिलेली लेकरं आज्यांजवळ होती आणि त्यांचे डोस चुकू नयेत म्हणून माझी धावपळ चालली होती. अशा एका सकाळी किल्ली फिरवली तर नुसतं टिक-टिक. समोरचे दिवे मिणमिणले आणि विझले. त्या दिवशी दुधाच्या टेम्पोत बसून गेले.

जामखेडला स्टँडजवळ गाड्यांचं वायरिंग करणारा एक मिस्त्री आहे. त्यानं येऊन पाहिलं आणि म्हणाला, “ताई, बॅटरी मेली. लई जुनी हाय.” नवी बसवली. तो गेल्यावर मी बॅटरीच्या बुडाला नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवला. पुढं-मागं त्यानं काढून दुसरी टाकली तर कळावं म्हणून.

बारा दिवसांनी पुन्हा टिक-टिक.

ठिपका जागेवर होता. म्हणजे बॅटरी बदललेली नव्हती. मग जुनीच घासूनपुसून नवी म्हणून दिली असणार. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून वायर जोडून गाडी चालू केली आणि तडक त्याच्या दुकानापुढं नेऊन उभी केली. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्याला म्हणाले, “मला बाई समजून काहीही गळ्यात मारू नका.”

त्याचा चेहरा पडला. त्यानं मीटर लावलं, आकडा मला दाखवला. “बॅटरी ठणठणीत हाय, ताई. गाडी उभ्या उभ्या करंट खातीय. कुठं खातीय ते शोधावं लागंल. दोन दिस माझ्याकडं सोडा.”

दोन दिवसांत हा आणखी काय काय बदलेल, असा विचार माझ्या मनात आला आणि मी गाडी परत आणली. येताना इलेक्ट्रिकच्या दुकानातून एक मीटर घेतलं. दोन दिवस संध्याकाळी मोबाईलवर व्हिडिओ बघितले आणि तोवर रात्री बॅटरीची वायर सोडवून ठेवली. गाडी बंद करायची, बॅटरीची एक वायर सोडवून मध्ये मीटर लावायचं आणि एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला आकडा खाली पडेल तिथं चोर. हे मला पटलं. रक्त तपासण्यासारखंच होतं.

रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडमधल्या गाडीवरचं कव्हर अर्धं बाजूला केलं. पायाखालचं मॅट झाडलं तर त्यावर प्लॅस्टिकचे पिवळट तुकडे दिसले, शेंगदाण्याच्या कुटाएवढे. मिस्त्रीनं काहीतरी मोडून ठेवलंय, दुसरं काय. मी ते झटकून टाकले. फ्यूजच्या पेटीचा फोटो काढला, मीटर लावलं. आकडा आलाच. गाडी खरंच करंट खात होती. एक फ्यूज काढला, आकडा तसाच. दुसरा काढला, तसाच. सासरे ओट्यावर बसून बघत होते. एका शब्दानं काही विचारलं नाही. मला त्यांचं ते बघणं टोचत होतं. निम्मे फ्यूज झाले आणि उपकेंद्रातून फोन आला, एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. सगळं जागच्या जागी बसवलं, बॅटरीची वायर जोडली आणि न्यायला आलेल्या रिक्षात बसून गेले. परत यायला दिवेलागण झाली. गाडीवर कव्हर नीट ओढलेलं होतं. मी ते ओढलं होतं की नाही, आठवेना.

सोमवारी सकाळी किल्ली फिरवली. टिक-टिक नाही. स्टार्टर जोरात फिरला, पण इंजिन पकडेना. चार वेळा केलं. बॅटरी भरलेली आणि गाडी बंद, हे नवीनच. फ्यूजच्या पेटीचं झाकण उघडलं आणि मोबाईलमधला फोटो शेजारी धरला. खालच्या ओळीत एक घर रिकामं होतं. झाकणामागची यादी पाहिली तर ते इंजिनला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचं.

वायर उंदीर कुरतडतो. फ्यूज चिमटीत धरून काढायला माणूस लागतो. फाटक बंद असतं. गाडीचा डावा दरवाजा लॉक होत नाही हे फक्त घरातल्यांना माहीत. आणि घरात आम्ही दोघंच.

सासरे परसात तोंड धूत होते. त्यांना विचारलं नाही. विचारलं तर सावध होतील. पेटीतच दोन जादा फ्यूज असतात, त्यातला एक रिकाम्या घरात बसवला. इंजिन लागलं. ओट्यावरून काहीतरी हाक आल्यासारखं वाटलं. मी मागं पाहिलं नाही. वाटेत नवऱ्याला फोन लावला. तो हसला. वडिलांना तो नाना म्हणतो. “नाना कशाला फ्यूज काढतील? परवा तो मिस्त्री चोर होता, आज नाना. उद्या माझा नंबर.”

“माझी नोकरी सुटावी असं त्यांना वाटतं,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तिसऱ्या वस्तीच्या अलीकडं वळणावर शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला. मागं टायर घासल्याचा लांबलचक आवाज आला. आरशात नुसता टेम्पोचा दर्शनी भाग, आभाळ दिसेना. टेम्पो माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला होता.

ड्रायव्हर उतरून खिडकीशी आला. तोही घाबरला होता. “ओ मॅडम, ब्रेकचं दिवं लागत न्हाईत तुमचं! मागच्यानं काय वळखायचं? मरायचं हाय का?”

आधी लेकरांना डोस दिले. मग वस्तीवरच्या आशाताईला गाडीमागं उभं केलं आणि ब्रेक दाबला. “न्हाई लागत,” ती म्हणाली. “दोन्ही बी न्हाई.”

दुपारी दोनलाच, अगदी हळू, घरी आले. सासरे आत झोपले होते. मी चपला काढल्या, मोबाईलचा टॉर्च लावला आणि स्टेअरिंगखाली डोकं घातलं. ब्रेकच्या पेडलच्या वर एक स्विच असतो, त्याच्यातून दोन वायरी निघतात. त्यातली एक कापलेली होती. कुरतडलेली नव्हती, सरळ कापलेली. दोन्ही टोकांना काळी टेप गुंडाळलेली. ती टेप प्लॅस्टिकची नव्हती, कापडाची होती. तसली टेप आता दुकानात मी तरी पाहिली नाही. पण आमच्या मिक्सरच्या वायरला ती होती. रेडिओच्या हँडलला होती. सासऱ्यांच्या छत्रीच्या मुठीला होती.

मी तशीच पडून राहिले. इतके दिवस संशय घेत होते, आता खात्री झाली, तर वाटलं होतं तसा राग येईना. भीती वाटली. ज्या माणसाच्या ताटात मी दोन्ही वेळ वाढते, त्यानं माझ्या गाडीची ब्रेकची वायर कापली.

“सापडलं का?”

मी दचकून उठले तर डोकं स्टेअरिंगला आपटलं. सासरे शेडच्या दारात उभे होते.

“मामा, ही वायर तुम्ही कापली?”

“व्हय.”

“आणि फ्यूज?”

त्यांनी बंडीच्या खिशातून औषधाच्या गोळ्यांची डबी काढली. ती उघडून फ्यूज माझ्या हातावर ठेवला. “ह्यो बी मीच काढला.”

“आज टेम्पो घुसला असता माझ्यावर! मागचे दिवे लागत नव्हते. मेले असते मी!”

त्यांनी शेडचा खांब धरला. मग म्हणाले, “दिवं लागू नयेत म्हणूनच कापली. ते इझतच नव्हतं. गाडी बंद, तरी चालू. काल ऊन उतरल्यावर कव्हर ओढाया गेलो, तवा खाली मला लाल दिसलं. तू गाडी अशी लावतीस, बूड भिंतीला टेकवून, वर कव्हर. कुणाला दिसणार? तिथंच जात हुती तुझी बॅटरी.”

“मग कापून टाकायची?”

“तेवढ्यापुरता करंट थांबवाया. आज उजेडात नीट करनार हुतो. संध्याकाळी मला दिसत न्हाई, बाई. आन् ब्रेकच्या दिव्याबिगर तू गाडी न्यायला नको, म्हून फ्यूज काढून ठिवला. म्हनलं, गाडीच निघनार न्हाई, तर ही ईल इचारायला.”

“पेटीत जादा फ्यूज असतात, हे माहीत नव्हतं तुम्हाला?”

“मला माहीत हुतं. तुला माहीत हाय, हे मला माहीत नव्हतं.”

“मला सांगायचं होतं ना!”

“हाक मारली सकाळी.” त्यांचा आवाज चढला. “तू कुनाचं ऐकतीस? काल निम्मा दीस बसलो तिथं. तीस वर्सं वायरमन हुतो मी. एकदा तरी इचारलंस, मामा, हे काय आसंल?”

खरं सांगायचं तर मनात अजून एक शंका होती, की हे सगळं त्यांनी आत्ताच जुळवून सांगितलं नसेल कशावरून? म्हणून म्हणाले, “दाखवा मग. दिवे का विझत नव्हते?”

त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, गुडघ्यानं साथ दिली नाही. मग मलाच खाली झोपायला लावलं आणि दारात बसून सांगत राहिले. ब्रेकचं पेडल वर आलं की ते त्या स्विचचं बोंड, म्हणजे पुढं आलेलं टोक, दाबतं, त्यानं दिवे विझतात. पेडलवर बोंड टेकतं तिथं प्लॅस्टिकची एक बारकी टिकली असते. “ती फुटली आसंल. भोक दिसतंय का?”

भोक होतं. बोंड त्या भोकातून आरपार जात होतं, दाबलं जातच नव्हतं. आणि टिकलीचे तुकडे मी काल मॅटवरून माझ्याच हातांनी झटकून टाकले होते.

सासऱ्यांनी आतून नट-बोल्टांचा डबा आणला. त्यातले बोल्ट डोळ्यांजवळ नेऊन, बोटांनी चाचपून एक निवडला. भोकात बोल्ट घातला, मागून नट आवळला, बोंड आता बोल्टच्या डोक्यावर टेकलं. वायर मी सोलली, पिळली. टेप त्यांनी स्वतः गुंडाळून दिली, माझा हात धरून, कारण टोक कुठं आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

गाडी थोडी पुढं घेतली. ते मागं जाऊन उभे राहिले.

“दाब.”

दाबला.

“लागलं. सोड.”

सोडला.

“इझलं.”

मला वाटलं, यांना संध्याकाळी दिसत नाही, दुपारीही बोल्ट डोळ्यांशी न्यावा लागतो. हे नुसतं म्हणतायत. मी पाय उचलून धरला आणि ओरडले, “आता लागला का?”

मागून सावकाश उत्तर आलं, “दाबलंच न्हाईस तू.”

माझे कान तापले. आरशात त्यांच्याकडं बघवेना. खाली उतरले आणि म्हणाले, “चहा ठेवते.” त्यांनी मान हलवली, पण ते जागचे हलले नाहीत. मी आत गेल्यावर खिडकीतून पाहिलं तर ते एकेका दिव्याच्या काचेवरची धूळ बंडीच्या टोकानं पुसत होते.

मिस्त्रीकडं दोन दिवसांनी गेले. तेव्हाही दुकानात गिऱ्हाइकं होती, म्हणजे जितक्या लोकांसमोर बोलले होते तितक्यांसमोर चूक कबूल करणं भाग होतं. त्यानं खाली वाकून बोल्ट पाहिला आणि विचारलं, “ह्ये कुणी केलं?”

“सासऱ्यांनी आणि मी.”

“बरं केलंय,” तो म्हणाला आणि नट एकदा आवळून दिला. त्यानं तो आवळला की सैल केला, हे मी घरी येऊन पाहिलं. आवळलाच होता.

जानेवारीत सासऱ्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नगरला केलं. न्यायला-आणायला मीच. येताना ते पुढच्या सीटवर बसले होते, काळा चष्मा लावून, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत. घाट उतरल्यावर वाचता वाचता थांबले आणि चष्मा थोडा वर करून स्टेअरिंगमागं बघायला लागले.

“हा पिवळा दिवा कसला गं?”

मी पाहिलं. इंजिनच्या आकाराचा एक दिवा लागला होता. सकाळी निघताना तो नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकते. मी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं.

“माझ्याकडं काय बघतीस?” ते म्हणाले. “मी दवाखान्यात हुतो.”